बालदमा, घरातली ओल आणि जबाबदारीचा प्रश्न

मुलाला दमा असल्याचे निदान झाले की डॉक्टर पालकांच्या हाती दोन गोष्टी देतात. एक इनहेलर आणि दुसरी घरात काय करावे, काय टाळावे याची यादी. गालिचा काढून टाका, मऊ खेळणी कमी करा, अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, भिंतीवर बुरशी दिसली की लगेच पुसून काढा, खिडक्या उघड्या ठेवा. यातली प्रत्येक सूचना आपल्या जागी बरोबर आहे. तरीही ही यादी मला नेहमी अपुरी वाटत आली आहे. ती ज्यांना दिली जाते त्यांच्या, म्हणजे बहुतेक घरांत मुलाच्या आईच्या, हातात चादर असते, उशी असते, फडके असते. भिंत मात्र नसते. छतातून झिरपणारे पाणी, तुंबलेला पावसाळी पाइप, बाहेरून तडे गेलेला गिलावा, वाफ बाहेर जायला जागाच नसलेले न्हाणीघर, यांतले काहीही फडक्याने सुटत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या घरात मूल राहते त्या घरात टिकून राहिलेली ओल हा इमारतीचा दोष मानला गेला पाहिजे, तो दुरुस्त करण्याची कायदेशीर जबाबदारी घर बांधणाऱ्यावर आणि भाड्याने देणाऱ्यावर असली पाहिजे, आणि त्या जबाबदारीला मुदत घालून दिलेली असली पाहिजे.

हे का म्हणावे लागते ते समजण्यासाठी धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव आणि भिंतीवरची बुरशी कशावर जगतात ते आधी पाहिले पाहिजे. घरातल्या धुळीचा दम्याशी संबंध आहे हे वैद्यकाला फार पूर्वीपासून जाणवत होते. १९२० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे स्टॉर्म व्हान लेउवेन यांनी दमेकऱ्यांना गाळलेल्या हवेच्या खास खोल्यांत ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचा त्रास तेथे कमी झाला. धुळीतला नेमका कोणता घटक त्रास देतो, याचा उलगडा मात्र त्याच लायडनमध्ये १९६४ साली झाला. राइंडर्ट वोरहोर्स्ट, फ्रिट्स स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की धुळीतल्या या ॲलर्जीच्या मुळाशी डर्माटोफॅगॉइडीस जातीचे माइट आहेत. कोरड्या घरांतल्या धुळीपेक्षा ओलसर घरांतली धूळ रुग्णांना अधिक त्रास का देते, याचेही उत्तर त्यातूनच मिळाले: ओलसर घरांत माइट अधिक असतात.

माइट हा कोळ्याच्या कुळातला जीव आहे. त्याची लांबी एक मिलिमीटरच्या साधारण पाव भागाइतकी असते, त्याला डोळे नसतात, आणि माणसाच्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर त्याचे पोट भरते. तो चावत नाही, रक्त पीत नाही, कोणताही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. १९८१ मध्ये टोवी, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी हे दाखवून दिले. एक माइट दिवसाला सुमारे वीस कण टाकतो, प्रत्येक कण साधारण वीस मायक्रॉनचा असतो आणि त्यावर एक पातळ आवरण असते. या कणांमध्ये डर पी १ नावाचे प्रथिन असते. ते मुळात पचनाचे विकर आहे, म्हणजे प्रथिने तोडणे हेच त्याचे काम. ते श्वासनलिकेच्या ओलसर अस्तरावर पडले की अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवणारे सांधेही ते तोडू शकते. अस्तर सैल पडते आणि ॲलर्जी निर्माण करणारे घटक थेट आतल्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचतात. ज्या मुलाची प्रकृती ॲलर्जीची आहे, त्याचे शरीर अशा वारंवारच्या संपर्कातून या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते, आणि नंतर प्रत्येक संपर्काला श्वासनलिका आकसून, सुजून उत्तर देते.

हे कण जड असतात. गादी झटकली, पलंगावर उड्या मारल्या की ते हवेत उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा खाली बसतात. म्हणूनच खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या हवाशुद्धी यंत्राचा माइटच्या बाबतीत फारसा उपयोग होत नाही. ज्या उशीत मूल रात्रभर नाक खुपसून झोपते ती उशी त्या यंत्रातून जात नाही. लहान मूल दिवसाचे दहा-बारा तास अंथरुणात असते, त्याचे श्वासाचे मार्ग मोठ्या माणसाच्या मानाने अरुंद असतात, आणि वजनाच्या प्रमाणात पाहिले तर ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. त्याच खोलीत, त्याच गादीवर झोपलेल्या वडिलांना काहीच होत नाही आणि मूल पहाटे खोकून उठते, याचे पुष्कळसे कारण या तीन गोष्टींत आणि मुलाच्या प्रकृतीत आहे.

माइट पाणी पीत नाही. हवेतली आर्द्रता तो शरीरात शोषून घेतो, आणि त्यासाठी हवेत पुरेसा ओलावा असावा लागतो. सापेक्ष आर्द्रता सलग काही आठवडे ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो शुष्क होऊन मरतो. ती ७०-७५ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्याची वाढ जोमाने होते. याचा अर्थ असा की घरात माइट किती असतील हे घरातल्या अस्वच्छतेपेक्षा घरातल्या ओलाव्यावर अधिक अवलंबून असते. स्वच्छ, नीटनेटक्या पण दमट घरातल्या गादीत लाखो माइट असू शकतात आणि पसाऱ्याने भरलेल्या कोरड्या घरात ते जवळजवळ नसू शकतात. ही एकच गोष्ट जरी सर्वांच्या नीट ध्यानात आली तरी दमेकरी मुलांच्या आयांना ऐकाव्या लागणाऱ्या निम्म्या टोमण्यांना आधार उरणार नाही.

संपर्क वाढला की आजार वाढतो, याचे एक बोलके उदाहरण पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातले आहे. तेथील गावांत पूर्वी दमा अत्यंत विरळा होता. पुढे तेथे कापसाच्या आणि इतर ब्लँकेटांचा वापर सुरू झाला, आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील प्रौढांपैकी सुमारे सात टक्के लोकांना दमा असल्याचे आढळले. त्या ब्लँकेटांमध्ये माइटची संख्या प्रचंड होती. हे उदाहरण प्रौढांचे आहे हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण मुलांबद्दल बोलताना त्याचा अर्थ ताणणे योग्य नाही. मुलांविषयीचा पुरावा वेगळ्या ठिकाणाहून येतो. इंग्लंडमधील पूल या गावी काही मुलांच्या घरातल्या धुळीचे नमुने त्यांच्या बालपणी घेतले गेले आणि त्याच मुलांची पुढे अकराव्या वर्षी तपासणी झाली; पहिल्या वर्षातला माइटचा संपर्क आणि पुढचा दमा यांच्यात संबंध असल्याचे त्या १९९० च्या अभ्यासाने दाखवले. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा पूर्वप्रवृत्ती असलेल्या मुलांमध्ये माइट हे दम्याच्या सुरुवातीचेही कारण ठरतात, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. घरातल्या इतर बहुतेक घटकांबाबत इतकी ठाम भाषा त्या अहवालात नाही.

बुरशीची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे, पण मूळ तेच आहे. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. बाहेरच्या हवेतून ते प्रत्येक घरात येतात आणि त्यांना अडवणे अशक्य आहे. त्यांना खाद्यही सगळीकडे मिळते, कारण रंगातला सेंद्रिय अंश, लाकूड, कागद, खळ, चामडे, कापूस यांपैकी काहीही त्यांना चालते. त्यांना अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पाण्याचा अभाव. हे पाणी वाहते असण्याचीही गरज नसते. भिंतीच्या पृष्ठभागालगतची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरते. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेले कपाट पुढे ओढून त्यामागचा कोपरा पाहावा. कपाटामुळे खोलीतली ऊब त्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही, हवा खेळत नाही, भिंत बाहेरच्या थंडीने गार पडते. वीस अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा बारा अंशांच्या भिंतीला लागली की तिच्यातले पाणी तेथे उतरू लागते, जसे थंड पाण्याच्या पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमतात. आधी रंगाला बारीक फुगे येतात, मग राखाडी ठिपके, मग ते ठिपके एकमेकांत मिसळून काळपट हिरवा थर, आणि या सगळ्याच्या आधीपासून येणारा कुबट वास. छत किंवा पाइप गळत असेल तर यापेक्षा कितीतरी लवकर सगळे घडते. भिजलेला भाग एक-दोन दिवसांत वाळवला नाही तर बुरशी धरू लागते.

हा थर मुलाच्या छातीपर्यंत अनेक वाटांनी पोहोचतो. काही मुलांना अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशींची सरळ ॲलर्जी असते, आणि अल्टरनेरियाची ॲलर्जी तीव्र, जिवावर बेतणाऱ्या झटक्यांशी जोडली गेलेली आहे. पण ॲलर्जी नसलेल्या मुलांनाही ओलसर घरात खोकला, घरघर आणि वारंवार सर्दी होते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतले घटक, तिने सोडलेली वायुरूप रसायने आणि बीजाणूंपेक्षाही सूक्ष्म असे तिचे तुकडे श्वासनलिकेला चेतवत राहतात. मेलेली बुरशीही निरुपद्रवी होत नाही. म्हणून ती केवळ मारणारे द्रावण फवारून वर रंगाचा हात देणे हा उपाय नसून, काही महिन्यांसाठी तिला नजरेआड करणे आहे.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशी यांबद्दल काढलेले मार्गदर्शन. ओलसर वा बुरशी असलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, याला पुरेसा पुरावा असल्याचे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर हवेत किती बीजाणू असले म्हणजे धोका, असा आकडा देता येत नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. आकडा नसल्यामुळे काही करू नये असा निष्कर्ष मात्र तज्ज्ञांनी काढला नाही. ओल होऊच देऊ नये आणि झाली तर ती दूर करावी, असे त्यांनी सांगितले. शिवाय जबाबदारीची वाटणीही केली. इमारत अतिरिक्त ओल आणि बुरशीपासून मुक्त राहील अशी ती बांधणे आणि राखणे हे मालकाचे काम, आणि पाणी, ऊब, वायुवीजन यांचा वापर नीट करणे हे राहणाऱ्याचे काम. गेल्या अनेक वर्षांत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या अर्ध्याचा प्रचार झाला आणि पहिला अर्धा कागदावरच राहिला.

पुराव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण दमेकरी मुलांच्या पालकांना घाबरवून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची कमतरता नाही आणि अतिशयोक्तीने त्यांचाच फायदा होतो. ओलसर घरातल्या प्रत्येक मुलाला दमा होत नाही, आणि कोरड्या घरातल्या मुलालाही तो होऊ शकतो. आनुवंशिकता, तंबाखूचा धूर, अकाली जन्म, बाहेरचे प्रदूषण, बालपणीचे विषाणुसंसर्ग या सगळ्यांचा वाटा आहे. मुलाला प्रत्यक्ष रुग्णालयात नेणारा झटका बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूने येतो. पण इथेच घर पुन्हा समोर येते. मँचेस्टरमध्ये झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलांमध्ये ॲलर्जी, त्या ॲलर्जीकारक घटकाचा घरातला भरपूर संपर्क आणि विषाणुसंसर्ग या तीनही गोष्टी एकत्र आल्या, त्यांच्यात दम्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता जवळजवळ वीस पट होती. सर्दी टाळणे कोणत्याही आईबापांच्या हातात नसते. त्या तीन गोष्टींपैकी ज्या एकीला खरोखर हात घालता येतो ती घरात आहे.

मग उपाय का फसतात? कारण ते सुटे सुटे आणि स्वस्तातले असतात. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या चाचणीत गादी-उशीच्या माइटरोधक खोळींनी एकट्याने काही फरक पडला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्याने ५४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि माइट कमी करण्याच्या रासायनिक व भौतिक उपायांची शिफारस करता येत नाही असे म्हटले. या निष्कर्षांकडे बोट दाखवून अनेकजण म्हणतात की घर सुधारून काही होत नाही, सारा भर औषधांवर द्यावा. मला हा तर्क मान्य नाही. त्यातल्या बऱ्याच उपायांनी मुळात माइटचे प्रमाण पुरेसे खाली आलेच नव्हते, आणि जे साध्यच झाले नाही त्याचा उपयोग होत नाही असे म्हणणे बरोबर नाही. मुलांवरचे, अधिक नेमके प्रयोग वेगळे सांगतात. माइटची ॲलर्जी असलेल्या, झटका येऊन रुग्णालयात गेलेल्या २८४ मुलांवरच्या २०१७ च्या चाचणीत, खऱ्या माइटरोधक खोळी मिळालेल्या मुलांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना वर्षभरात तीव्र झटक्याने पुन्हा रुग्णालयात जावे लागले. साध्या खोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. २००४ मध्ये अमेरिकेतील सात शहरांतल्या ९३७ मुलांवर झालेल्या अभ्यासात प्रत्येक मुलाची ॲलर्जी तपासून त्यानुसार घरात एकाच वेळी अनेक बदल केले गेले, आणि त्रासाचे दिवस दोन वर्षे कमी राहिले.

माझ्या मुद्द्याशी सर्वांत जवळचा प्रयोग मात्र लहानसा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील क्लीव्हलंडमधल्या या प्रयोगात बुरशी असलेल्या घरांतली ६२ दमेकरी मुले होती. सगळ्यांनाच उपचाराची योजना आणि घराविषयीची माहिती मिळाली. निम्म्यांच्या घरात त्यापलीकडे जाऊन ओलीचे मूळ शोधून ते दुरुस्त केले गेले. गळती बंद केली, भिजलेले भाग काढले, वायुवीजन सुधारले. दुरुस्तीनंतरच्या काळात दुरुस्त घरांतल्या २९ पैकी एका मुलाला झटका आला. केवळ माहिती मिळालेल्या ३३ पैकी ११ मुलांना आला. संख्या छोटी आहे आणि एवढ्यावर सारा डोलारा उभा करता येणार नाही, हे मान्य. पण यादी देणे आणि भिंत दुरुस्त करणे यांत काय फरक आहे, हे याहून थेट दाखवणारा प्रयोग मला ठाऊक नाही.

घर देणाऱ्यांच्या बाजूने नेहमी येणारा आक्षेप असा, की ओल ही राहणाऱ्यांच्या सवयींमुळे होते. कपडे घरात वाळवतात, खिडक्या बंद ठेवतात, स्वयंपाकाची वाफ कोंडतात. यात तथ्य नाही असे नाही. चार माणसांचे कुटुंब श्वासातून, घामातून, स्वयंपाकातून, अंघोळीतून आणि धुण्यातून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडते. पण श्वास घेणे, शिजवणे, अंघोळ करणे आणि कपडे वाळवणे म्हणजेच घरात राहणे. एवढा ओलावा बाहेर टाकण्याची सोय ज्या घरात नाही, ते घर राहण्यासाठी नीट बांधलेले नाही. खिडकी उघडण्याचा उपायही सरसकट लागू होत नाही: बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा पाणी कमी असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि दमट ऋतूत उघडी खिडकी ओल आत आणते. ऊर्जा वाचवण्यासाठी फटी बुजवून घर हवाबंद करायचे आणि वाफ बाहेर काढणारा पंखा मात्र बसवायचा नाही, ही तर घर बांधणाऱ्याचीच चूक आहे, आणि तिचे खापर राहणाऱ्यांच्या खिडक्यांवर फोडले जाते.

या आक्षेपाची किंमत काय असू शकते हे इंग्लंडमधील रॉचडेलने दाखवले. तेथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून घरातल्या बुरशीची तक्रार केली होती आणि त्यांना त्यावर रंग मारण्यास सांगण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनाच्या गंभीर आजाराने हा मृत्यू झाला. हा मृत्यू दम्याचा म्हणून नोंदलेला नाही. पण बुरशीचे कारण कुटुंबाच्या राहणीत आहे असे गृहीत धरले की तक्रारीचे काय होते, ते त्यातून कळते. त्या मुलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक गृहनिर्माणात, म्हणजे स्थानिक प्रशासन वा गृहसंस्था कमी भाड्याने देतात त्या घरांत, तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई करावी लागते. ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची चौकशी दहा कामकाजाच्या दिवसांत आणि त्यानंतर घर सुरक्षित करण्याचे काम पाच कामकाजाच्या दिवसांत करावे लागते. एका मुलाच्या मृत्यूनंतर मिळालेली ही मुदत इतर देशांनी मृत्यूची वाट न पाहता घालून घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. मुलांना धुळीत, मातीत वाढू द्यावे, अतिस्वच्छतेमुळेच ॲलर्जी वाढली, असे म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. त्यामागे गंभीर संशोधन आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्ही समाज वंशाने जवळचे. पण घोडे आणि गाईगुरांच्या सान्निध्यात पारंपरिक शेती करणाऱ्या आमिश मुलांमध्ये दमा सुमारे ५ टक्के, तर यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट मुलांमध्ये २१ टक्के होता, आणि आमिश घरांच्या धुळीत सूक्ष्मजीवांचे अंश कितीतरी अधिक होते. पण गोठ्याजवळच्या घरातली ही विविध सूक्ष्मजीवांची धूळ आणि गळक्या भिंतीवर माजलेली बुरशी यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. एकीत अनेक प्रकारचे जिवाणू लहानपणापासून मुलाच्या प्रतिकारशक्तीला वळण लावतात, तर दुसरीत ओलीवर वाढणाऱ्या काही बुरशींचे राज्य असते. मूल अंगणात मातीत खेळू द्यावे आणि त्याच्या झोपण्याच्या खोलीतली भिंत कोरडी असावी, या दोन गोष्टींत कोणताही विरोध नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. दुरुस्ती सक्तीची केली तर भाडे वाढेल आणि गरीब कुटुंबे त्याहून वाईट घरांत ढकलली जातील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच केवळ मालकाला दंड करून भागणार नाही. छोट्या मालकांना आणि स्वतःच्या जुन्या घरात राहणाऱ्यांना दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधीतून मदत मिळाली पाहिजे. न्यूझीलंडने ही वाट चालून पाहिली आहे. तेथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वसनाची तक्रार असलेल्या व्यक्तींच्या १,३५० घरांना उष्णतारोधक अस्तर बसवण्यात आले. घरे अधिक उबदार आणि कोरडी झाली, घरघर कमी झाली, मुलांचे शाळेचे बुडणारे दिवस कमी झाले, आणि आरोग्य व ऊर्जा यांतून झालेला फायदा खर्चाच्या दीड ते दोन पट असल्याचे पुढच्या हिशेबात दिसले. २००८ मध्ये दमेकरी मुलांच्या घरांत चांगले हीटर बसवण्याच्या चाचणीत फुप्फुसांच्या क्षमतेच्या मोजमापात लक्षणीय फरक दिसला नाही, तरी रात्रीचा खोकला आणि घरघर कमी झाली. पुढे २०१९ मध्ये तेथे भाड्याच्या घरांसाठी ऊब, उष्णतारोधन, वायुवीजन, पाण्याचा निचरा आणि फटी बुजवणे यांची किमान मानके ठरवण्यात आली आणि १ जुलै २०२५ पर्यंत ती सर्व भाड्याच्या घरांना लागू झाली. जगात २०१९ मध्ये सुमारे २६ कोटी लोकांना दमा होता. त्यांच्या औषधांवर, रुग्णालयांवर, आईवडिलांच्या बुडालेल्या कामावर आज होणारा खर्च हाही खर्चच आहे. फरक एवढाच की तो घराच्या मालकाच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

कायदा करायचा तर त्यात काही गोष्टी नि:संदिग्ध असाव्यात. दिसणारी बुरशी, ओलीचा डाग किंवा कुबट वास एवढा पुरावा पुरेसा मानावा. हवेतल्या बीजाणूंची प्रयोगशाळेतली चाचणी आणा, मग पाहू, अशी अट घातली तर तक्रार तेथेच संपते, आणि ज्या चाचणीला धोक्याची मान्य मर्यादाच नाही तिचा अहवाल सिद्ध तरी काय करणार? दुरुस्ती म्हणजे ओलीचे कारण दूर करणे, रंगकाम नव्हे, हे व्याख्येतच यावे. तक्रार केल्याबद्दल भाडेकरूला घर सोडायला लावणे बेकायदा असावे, कारण या भीतीपोटीच बहुतेक कुटुंबे गप्प बसतात. नवीन इमारतीत गिलावा आणि काँक्रीट पुरेसे वाळण्याआधी रंग देऊन घर ताब्यात देणे थांबावे. पाळणाघरे आणि बालवाड्यांनाही हीच मानके लागू व्हावीत, कारण लहान मुलांचा उरलेला दिवस तेथेच जातो.

तोवर घरात काय करावे, तर डॉक्टरांच्या यादीतले जे खरोखर उपयोगी आहे ते करावे, आणि बाकीच्यांचे ओझे डोक्यावर घेऊ नये. मुलाच्या अंथरुणाकडे सगळ्यात आधी लक्ष द्यावे: गादी-उशीला घट्ट विणीची खोळ, चादरी-अभ्रे साठ अंशांच्या पाण्यात धुणे, आणि गादीला कडक ऊन दाखवणे. ऊन हे माइटसाठी घातकच असते. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते करताना मूल खोलीत नसावे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे. सुगंधी फवारे, ओझोन सोडणारी यंत्रे, भिंतीवर मारायची उग्र रसायने यांपासून दूर राहावे, कारण दमेकरी छातीला ती स्वतःच चेतवतात. आणि घर कितीही सुधारले तरी डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये. कोरडी भिंत औषधाची गरज कमी करू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा आहे. घरघर घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर, घरात कोणी धूम्रपान करते का या प्रश्नाशेजारी आणखी तीन प्रश्न असावेत: भिंतीला ओल आहे का, कुबट वास येतो का, आणि घर कोणाच्या मालकीचे आहे. ओलीच्या किंवा वासाच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर पालकांच्या हाती सूचनांच्या यादीबरोबरच घरमालकाच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या नावे एक सही-शिक्क्याचे पत्रही द्यावे, ज्यात मुलाच्या प्रकृतीसाठी ही ओल अमुक मुदतीत दूर होणे आवश्यक आहे असे लिहिलेले असेल. आईने केलेली तक्रार फाइलमध्ये वर्षभर पडून राहते. डॉक्टरांचे असे पत्र पोहोचल्याची तारीख मात्र पुढे चौकशी झाली तर कोणालाही नाकारता येणार नाही.